मोठ्या सिस्टरना दहापैकी नऊ

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं झाली होती. चार, सात आणि अकरा नंबरच्या खोल्यांतून बेल वाजत होत्या आणि शुश्रूषागृहाचे एकूण एक कर्मचारी जेवणघरात गोल उभे राहून टाळ्या वाजवत होते. कशासाठी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नव्या व्यवस्थापकांनी या प्रकाराला 'स्फूर्तिसभा' असं नाव दिलं होतं आणि स्फूर्ती येईपर्यंत ती संपत नसे.

"आज मी खूश आहे!" व्यवस्थापक ओरडले.

"आज मी खूश आहे," एकोणीस जण म्हणाले. घरी गॅस संपल्याचं सांगताना लागतो तोच सूर.

"बदल म्हणजे?"

"प्रगती."

"चार नंबरच्या आजींना बेडपॅन हवंय," मागून क्रेन म्हणाला.

"सभेत वैयक्तिक विषय नकोत," व्यवस्थापक म्हणाले.

क्रेन म्हणजे इथला सर्वांत जुना वॉर्डबॉय. चाळिशी ओलांडलेला, दाराएवढा रुंद. कसलेही वजनदार आजोबा असोत, एकटा उचलून खुर्चीत ठेवायचा, तेही हातातलं फूल ठेवावं तसं. त्याने मोठ्या सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी डोळ्यांनीच 'जा' म्हटलं आणि क्रेन टाळ्या वाजवतच मागच्या मागे सटकला.

दोन महिन्यांपूर्वी हे सगळं नव्हतं. मग जुन्या मालकांनी म्हाताऱ्यांचं हे घर, त्यातल्या एक्केचाळीस म्हाताऱ्यांसकट, एका कंपनीला विकलं. कंपनीने हे व्यवस्थापक धाडले. ते एका वाक्यात तीनदा 'बदल' म्हणत, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांचं 'बदलसाहेब' असं बारसं झालं. आल्या आल्या त्यांनी हजेरीला अंगठ्याचं यंत्र बसवलं. दिवसभर पाण्यात हात असलेल्या बायांचे अंगठे ते यंत्र ओळखेना, त्यामुळे सगळ्यांत जास्त राबणाऱ्या बाया कागदोपत्री कायम गैरहजर. मग स्फूर्तिसभा आली. मग प्रत्येकाच्या छातीवर 'मला विचारा' असा बिल्ला आला. तिकीट आजोबा, म्हणजे आयुष्यभर तिकीट तपासनीस असलेले सहा नंबरचे आजोबा, तो बिल्ला वाचत आणि खरंच विचारत, "तिकीट?"

या सगळ्या गोंधळात मोठ्या सिस्टर, म्हणजे इथल्या मुख्य परिचारिका, खांबासारख्या उभ्या होत्या. बावीस वर्षं त्यांनी इथे काढली होती. पलंगावरच्या चादरीचा कोपरा कसा दुमडायचा, हे त्यांनी प्रत्येकाला शिकवलं होतं आणि दुमडल्यावर तो उलगडून पुन्हा तपासला होता. त्या कोणावर ओरडत नसत. नुसत्या मागे येऊन उभ्या राहत. आपल्या माणसांचा आपल्यावर फार जीव आहे, अशी त्यांची समजूत होती.

एका बुधवारी बदलसाहेबांनी कागदांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला.

"मुख्य कचेरीने पाठवलाय. कर्मचारी समाधान पाहणी. नाव लिहायचं नाही. दुपारपर्यंत सगळ्यांकडून भरून घ्या."

सिस्टरांनी वरचा कागद पाहिला. डावीकडे एकाखाली एक गोष्टी लिहिलेल्या : स्फूर्तिसभा, अंगठ्याचं यंत्र, चारचा चहा, स्वयंपाकघरातल्या मावशी, नवे व्यवस्थापक, मुख्य परिचारिका. प्रत्येकीपुढे शून्य ते दहा असे आकडे. एकावर गोल करायचा. बास.

"हे काय आहे?" क्रेनने विचारलं.

अकरा नंबरच्या आजोबांचं सलाइन संपत आलं होतं, फोन वाजत होता, कपडे धुणारी बाई अंगठ्याच्या यंत्राशी भांडत होती. सिस्टर जाता जाता म्हणाल्या, "रोज भरता तसंच भरा रे. फार डोकं लावू नका."

आता रोज काय भरत, ते सांगायला हवं. तिथे रोज सकाळी दुखण्याचा तक्ता भरत. खूप म्हाताऱ्यांना काय होतंय ते नीट सांगता येत नाही, म्हणून त्यांना विचारायचं, शून्य ते दहा, किती? शून्य म्हणजे काही दुखत नाही, झकास. चारपर्यंत जवळ बसून गप्पा मारायच्या. पाच-सहाला गरम पाण्याची पिशवी. सातपासून गोळी. नऊ झाले की डॉक्टरांना फोन आणि दहा म्हणजे माणूस कळवळून रडतोय. हा हिशेब सगळ्यांच्या इतका अंगात भिनला होता की क्रेन घरी बायकोलाही सांगायचा, "आजची भाजी शून्य झाली हं!" आणि ती बिचारी खूश व्हायची.

शुक्रवारी निकाल आला. बदलसाहेबांनी तो मोठा करून छापला आणि दर्शनी भिंतीवर लावला.

नवे व्यवस्थापक : दहा. स्फूर्तिसभा : दहा. अंगठ्याचं यंत्र : दहा. चारचा चहा : शून्य. स्वयंपाकघरातल्या मावशी : शून्य. मुख्य परिचारिका : नऊ.

मोठ्या सिस्टरांनी आधी आपला आकडा पाहिला. मग इकडे तिकडे पाहून पुन्हा पाहिला. नऊ! बावीस वर्षांत त्यांना कोणी आकडा दिला नव्हता, त्यामुळे पहिलाच नऊ आल्यावर त्यांचा ऊर भरून आला. मग बाकीचे आकडे वाचले आणि त्यांचं डोकं फिरलं. मावशींना शून्य? गेली अठरा वर्षं दात नसलेल्या एक्केचाळीस तोंडांची प्रत्येकाची आवड लक्षात ठेवून रांधणाऱ्या मावशींना? आणि या टाळीबहाद्दराला दहा?

"माणसं बिघडली आहेत," त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या. "कशाची पारख राहिलेली नाही. मला मात्र नऊ दिलेत."

"तुला? नऊ?"

"का? मला मिळू नयेत?"

"तसं नाही," नवरा सावधपणे म्हणाला. "मला कोणी विचारलं नाही, एवढंच."

पुढच्या आठवड्यात मुख्य कचेरीने निकालाप्रमाणे पावलं उचलली. स्फूर्तिसभा एवढी आवडते, म्हणून ती दिवसातून दोनदा झाली. अंगठ्याचं यंत्र एवढं प्रिय, म्हणून आणखी एक आलं आणि संडासाच्या दाराशी बसलं. चारचा चहा कोणालाच नको, म्हणून बंद झाला. मावशींना पत्र मिळालं : शनिवारपासून येऊ नये. जेवण आता बाहेरच्या कंपनीकडून बंद डब्यांत येईल, सगळ्यांना एकसारखं.

कर्मचारी हबकले. त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांनी जीव तोडून खरं सांगितलं होतं. सभा दहा दुखते म्हणून कळवलं, तर यांनी ती दुप्पट केली. चहा तेवढा सुखाचा म्हणाले, तर तोच काढून घेतला.

"सूड उगवतायत," कपडे धुणारी बाई म्हणाली. "पुन्हा खरं बोलाल?"

मावशींनी मात्र पत्राची घडी करून मिठाच्या बरणीखाली ठेवली आणि सात नंबरच्या आजींसाठी बटाटा कुस्करायला घेतला. साठीच्या पुढच्या बाईला, गुडघे गेलेल्या बाईला, आता कोण कामावर ठेवणार, हे त्यांना कळत होतं आणि सगळ्यांनाच कळत होतं.

बुधवारी सकाळी मोठ्या सिस्टर क्रेनबरोबर फेरीला निघाल्या. त्या त्याच्यावर रागावलेल्याच होत्या. तिकीट आजोबांपाशी क्रेन थांबला.

"आजोबा, गुडघा किती?"

"शून्य!" आजोबा ठणकावून म्हणाले. "काल मावशीने शेक दिला."

"वा! शून्य म्हणजे मजा आहे तुमची," क्रेन म्हणाला आणि त्याने तक्त्यावर शून्याभोवती गोल केला. तसाच गोल. तशाच आकड्यांच्या रांगेत.

सिस्टरांच्या हातातला ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर खाली पडून फुटता फुटता राहिला.

"क्रेन, बाहेर ये." बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "त्या दिवशीच्या फॉर्मात मावशींना किती दिलेस?"

"नाव लिहायचं नव्हतं, सिस्टर."

"मी नाव विचारत नाही. आकडा विचारते."

"शून्यच की. मावशींचा कोणाला त्रास आहे?"

"आणि बदलसाहेबांना?"

"दहा," क्रेन म्हणाला. "अकरा नव्हता त्यात."

सिस्टरांना कागद वाटल्याचा दिवस आठवला. आपणच म्हटलं होतं, रोज भरता तसंच भरा. मावशींचं पत्र आपल्या त्या एका वाक्याने लिहिलं होतं. आणि मग, सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जोरात, त्यांना आपला नऊ आठवला.

माणसाचं मन मोठं चलाख असतं. दुसऱ्याच क्षणी सिस्टरांच्या मनात आलं, बाकी सगळं उलटं भरलं असेल, पण आपल्यापुरतं सरळ भरलं असेल.

"काय रे," त्या सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "मी खोलीत आले की तुम्हाला कसं वाटतं?"

क्रेनने बराच विचार केला. "मीच पेशंट असल्यासारखं. आज पोट साफ झालं की नाही, ते आठवायला लागतं," तो म्हणाला.

सिस्टर तडक बदलसाहेबांच्या खोलीत गेल्या. निकालाची एक प्रत तिथेही, चौकटीत घालून टांगलेली होती.

"सर, हा निकाल उलटा आहे."

बदलसाहेबांनी मान वळवून चौकट पाहिली. "सरळच टांगलाय की."

सिस्टरांनी दुखण्याचा तक्ता पुढे ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. बदलसाहेबांचा चेहरा हळूहळू शून्यावरून सातापर्यंत गेला.

"फॉर्मबरोबर काही सूचना नव्हती का?" सिस्टरांनी विचारलं.

"होती. वेगळं पान होतं. ते मी छापलं नाही. कागदबचत." मग उठून त्यांनी दार लावलं. "सिस्टर, तुम्हाला किती मिळालेत?"

"नऊ."

"उलटं केलं तर किती होतात?"

"एक."

"मग कशाला उलटं करताय?" बदलसाहेब कळवळून म्हणाले. "शनिवारी मुख्य कचेरीच्या मॅडम येतायत. मला ढाल आहे, तुम्हाला पदक आहे. पदकाबरोबर नेमणुकीचं पत्र आहे, कंपनीच्या तीन घरांच्या मुख्य म्हणून. स्वतंत्र खोली, फिरती खुर्ची!"

"आणि मावशी?"

"मावशींचं मलाही वाईट वाटतं. पण आकड्यापुढे मी कोण?"

त्या दिवशी सिस्टर घरी जेवल्या नाहीत. त्यांना फिरती खुर्ची दिसत होती. खोटं का बोला, त्यांना ती खुर्ची हवी होती. बावीस वर्षं लोखंडी स्टुलावर बसून त्यांची कंबर गेली होती. शिवाय सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं काय? की हो, मी यांना दहापैकी नऊ दुखते? गुरुवार असा गेला, शुक्रवारही असाच गेला. शुक्रवारी त्यांनी एकदाही कोणाच्या चादरीचा कोपरा तपासला नाही, त्यामुळे सगळे जास्तच घाबरले.

शनिवारी जेवणघरात खुर्च्या मांडल्या. पुढे चाकांच्या खुर्च्यांत आजी-आजोबा, मागे कर्मचारी. मावशी अगदी दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या पिशवीतून त्यांची स्वतःची लाकडी पळी डोकावत होती. ती त्यांनी अठरा वर्षांपूर्वी घरून आणली होती आणि आज परत न्यायची होती. भिंतीशी बंद डब्यांची चळत आली होती. तिकीट आजोबांनी एक डबा उघडून पाहिला, वास घेतला आणि तो पुन्हा लावून टाकला.

मुख्य कचेरीच्या मॅडम कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून पाहणाऱ्या होत्या. त्यांनी बदलसाहेबांना ढाल दिली. टाळ्या झाल्या, त्या बदलसाहेबांनीच शिकवलेल्या होत्या. मग सिस्टरांच्या गळ्यात पदक आलं.

"दोन शब्द बोला," मॅडम म्हणाल्या.

बदलसाहेबांनी मान हलवून 'नको, नको' केलं. सिस्टरांनी दाराकडे पाहिलं. मावशी पिशवीचा बंद हाताला गुंडाळत होत्या.

"बोलत नाही, दाखवते," सिस्टर म्हणाल्या. "क्रेन, पुढे ये. तिकीट आजोबांचा गुडघा आज किती?"

"आठ," क्रेन म्हणाला. "डब्याचा वास घेतल्यापासून वाढलाय."

"आठ म्हणजे चांगलं की वाईट?"

"वाईट, सिस्टर. आठला गोळी द्यावी लागते."

"आणि चारचा चहा किती?"

"शून्य."

"म्हणजे?"

"म्हणजे फार बरा होता हो," क्रेन म्हणाला.

मॅडमनी चष्मा वर केला. "नवे व्यवस्थापक?" त्यांनी स्वतःच विचारलं.

क्रेनने बदलसाहेबांकडे पाहिलं, ढालीकडे पाहिलं. "दहा," तो म्हणाला. "पण ते माणूस म्हणून वाईट नाहीत, मॅडम. दुखणं कोणी मुद्दाम करत नाही."

जेवणघरात सात नंबरच्या आजींचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं. मॅडमनी पर्समधून निकालाचा कागद काढला, पेन काढलं आणि एकेक ओळ पुन्हा वाचत गेल्या.

"अंगठ्याचं यंत्र?"

"दहा!" एकोणीस जण एका सुरात.

"स्फूर्तिसभा?"

"दहा!" स्फूर्तिसभेत कधी आला नव्हता एवढा जोर.

"स्वयंपाकघरातल्या मावशी?"

"शून्य! शून्य!" या वेळी आजी-आजोबाही ओरडले आणि मग न शिकवता टाळ्या वाजल्या. मावशींनी पदराने तोंड झाकलं.

मॅडमनी मावशींच्या ओळीवर बरोबरची खूण केली. पेन सर्वांत खालच्या ओळीवर थांबलं. "मुख्य परिचारिका. नऊ."

टाळ्या थांबल्या. क्रेन छताकडे पाहू लागला. कपडे धुणाऱ्या बाईला अचानक अंगठ्याच्या यंत्राची आठवण झाली.

"नऊला तुम्ही काय करता?" मॅडमनी विचारलं.

शेवटी सिस्टरच म्हणाल्या, "नऊला डॉक्टरांना फोन करतात, मॅडम."

आणि त्यांनी पदक काढून टेबलावर ठेवलं.

मावशी राहिल्या. बंद डबे परत गेले. चहा त्याच दिवशी सुरू झाला, यंत्रं गेली, सकाळी सात वीसला बेडपॅन वेळेवर पोहोचू लागलं. बदलसाहेबांना कंपनीने बढती दिली. फॉर्ममधल्या चुकांचा एवढा अनुभव दुसऱ्या कोणाला नव्हता, म्हणून सर्व घरांचे फॉर्म तयार करायचं काम त्यांच्याकडे सोपवलं. फिरती खुर्ची त्यांना मिळाली.

सिस्टर त्या शनिवारी चहाला गेल्या नाहीत. सगळे पांगल्यावर त्या स्वयंपाकघरात लोखंडी स्टुलावर येऊन बसल्या. मावशींनी न विचारता कप पुढे ठेवला.

"मावशी, एक विचारू? तुम्ही मला किती दिले होते?"

"नऊ," मावशी म्हणाल्या. जरासुद्धा थांबल्या नाहीत.

"तुम्हीसुद्धा?"

"मग! मी चिरायला बसले की मागे येऊन उभी राहतेस. अठरा वर्षं झाली, माझा अजून हात थरथरतो." मावशी गुडघ्यावर हात टेकत समोर बसल्या. "अगं पण, नऊ दुखतं म्हणजे नकोसं झालं, असं कोणी सांगितलं तुला? हा माझा गुडघा बघ. रोज नऊ दुखतो. काढून टाकू? त्याच्यावरच तर उभी आहे मी."

सिस्टरांना रडू आलं. त्या रडल्या आणि रडता रडता ओट्यावरचा फडका चुकीचा घातलाय हे दिसल्यावर उठून नीट घालून आल्या.

"बघ," मावशी म्हणाल्या.

तीन महिन्यांनी नवी पाहणी आली. बदलसाहेबांनी स्वतः तयार केलेली, चार पानी सूचनांसकट. या वेळी सिस्टर एक अक्षर बोलल्या नाहीत. कागद वाटले आणि बाहेर जाऊन उभ्या राहिल्या, दाराकडे पाठ करून. आत बराच वेळ कुजबुज चालली होती.

निकाल आला तेव्हा मुख्य कचेरी चक्रावली. मावशींच्या ओळीत कोणी आकडा घातलाच नव्हता. तिथे एकोणीस वेगवेगळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'यांना हात लावू नका.' बाकी सगळीकडे एकच आकडा होता. चहाला पाच, नव्या व्यवस्थापिकेला पाच, खिडक्यांना पाच, आणि मोठ्या सिस्टरना पाच.

"हे काय?" सिस्टरांनी क्रेनला गाठलं.

"आता कोण कुठून वाचेल, भरवसा नाही," क्रेन म्हणाला. "पाच सरळ वाचा, उलटे वाचा, पाचच राहतात. आम्ही ठरवलं, सिस्टरना या वेळी काही होऊ द्यायचं नाही."

सिस्टरांनी मनातल्या मनात मोजून पाहिलं. मागच्या खेपेला दुखण्याचे नऊ होते, ते पाचावर आले. सुखाचा एकच होता, तो पाचावर गेला. कोणत्याही बाजूने धरलं तरी सुधारणाच होती. त्यांना फार बरं वाटलं. त्या आनंदात त्या चार नंबरच्या खोलीत शिरल्या, क्रेनने नुकत्याच घातलेल्या चादरीचा कोपरा उलगडला आणि पुन्हा दुमडला.

"सहा," क्रेन पुटपुटला आणि गरम पाण्याची पिशवी आणायला गेला.